सकाळचा दगड

आधीच सांगून टाकते. मी वाळवंटात गेले ती देव शोधायला नव्हे, रागाच्या भरात गेले. देवच हवा असता तर तो मस्कतच्या देवळातही भेटला असता, गाडी लावायला जागा मिळाली असती तर.

राग मुलावर होता. मुलगा गुणाचा आहे, पुण्यात असतो, रोज संध्याकाळी न चुकता फोन करतो. पण मार्चमध्ये हे गेले आणि तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, आई, आता पुरे झालं मस्कत, सामान बांध आणि इकडे ये. हे मस्कतजवळ बरक्याला कामावर होते. दुपारी डबा खायला बसले आणि बसल्या जागी गेले. डबा मीच दिला होता, वांग्याची भाजी होती त्यात. त्यानंतर आजतागायत घरात वांगं आणलेलं नाही.

"तुझी खोली तयार आहे," मुलगा सांगायचा. "खिडकीतून टेकडी दिसते." मी म्हणायची, टेकड्या काय, मस्कतला ढिगाने आहेत. मग तो त्याचा हुकमाचा एक्का काढायचा. "आई, रात्री-बेरात्री तुला काही झालं तर कळणार कोणाला?"

इथे माझी बोलती बंद व्हायची. आणि माझी बोलती बंद होणं ही साधी गोष्ट नाही, ओळखणाऱ्या कोणालाही विचारा.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात कधी एकटी राहिलेच नव्हते. माहेरी आम्ही सात भावंडं, एका खोलीत ओळीने झोपायचो. सासरी तर माणसांचा बाजारच. लग्नानंतर चार वर्षांनी ओमानला आले ती थेट मस्कतच्या हमरिया भागातल्या दोन खोल्यांत, तिथेही कधी दीर, कधी यांचे गाववाले, कोणी ना कोणी हॉलमध्ये पथारी टाकलेलं. चोपन्न वर्षांची झाले आणि एक रात्रही एकटी झोपले नव्हते. हे गेल्यावर समोरच्या दारातली भाभी रोज रात्री उशी काखेत मारून माझ्याकडे झोपायला येऊ लागली. भाभी रत्नागिरीकडची, तिच्या नवऱ्याचं मत्रहच्या बाजारात मसाल्याचं दुकान आहे. सात-आठ महिने ती माउली स्वतःचा पलंग सोडून माझ्या घरी घोरली.

हे सगळं मुलाला माहीत होतं. एके दिवशी तो म्हणाला, "आई, तू अंघोळीला जातानासुद्धा टीव्ही चालू ठेवतेस. तू एकटी काय राहणार?" खरं तेच बोलला, म्हणून जास्त झोंबलं. मी फोन आपटला.

जायचं मला नव्हतंच. रुवीतल्या एका दाताच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं रिसेप्शनवर आहे. माझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे, कोणाच्या शेपटीला बांधलेला नाही. खालचा भाजीवाला मला विचारल्याशिवाय मेथी विकत नाही. दवाखान्यात रांग मोडून कोणी घुसलं तर मी अरबी, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत त्याची हजेरी घेते, आणि डॉक्टरसाहेब आतून हसतात. पुण्यात मी काय असणार होते? मुलाची आई. नोव्हेंबरअखेर घराचा करार संपत होता. घरमालक विचारत होता, राहणार का सोडणार. मुलगा विचारत होता, तिकीट काढू का. मी दोघांनाही म्हटलं, सुट्टीनंतर सांगते.

त्याच आठवड्यात एक मुलगी दात दाखवायला आली. पुण्याचीच, पस्तिशीतली, इथे योग शिकवते. गालाला हात लावून बसल्या बसल्या तिने सांगितलं की नोव्हेंबरच्या लांब सुट्टीत ती पाच जणांना घेऊन वाहिबाच्या वाळवंटात चालली आहे. चार दिवस आपलं ओझं आपल्या पाठीवर, दिवसभर मौन, संध्याकाळी अर्धा तास तेवढं बोलायचं. आणि त्यात एक दिवस आणि एक रात्र प्रत्येकाने अगदी एकट्याने काढायची.

"माझं नाव लिही," मी म्हटलं.

ती जरा चपापली. दोन मिनिटांपूर्वीच मी एका ड्रायव्हरवर खेकसले होते. "काकू, मौन आहे हं," ती हळूच म्हणाली.

"त्याचं मी बघून घेईन."

मनाशी मी पैज लावली. ती एक रात्र एकटीने काढली तर घराच्या करारावर सही करायची. नाही जमलं तर तोंड मिटून पुण्याला जायचं, परत वाद घालायचा नाही. हे फक्त भाभीला सांगितलं. ती म्हणाली, "खुळी झालीस काय गो?" आणि मग रात्रभर तिलाच झोप लागली नाही.

निघायच्या दिवशी त्या मुलीने सगळ्यांच्या पिशव्या काट्याला लटकवल्या. मर्यादा नऊ किलोची. माझी भरली चौदा. तिने माझ्या देखत पिशवी उपसली. खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा बाहेर. दुसरी चादर बाहेर. छत्री बाहेर. आणि माझ्या धाकट्या जावेने गावाहून पाठवलेली कोकमाच्या आगळाची बाटली, तीही बाहेर. "काकू, तिथे पाणी आहे, याची काय गरज?" मी काही बोलले नाही. मौन अजून सुरू व्हायचं होतं, तरी बोलले नाही. तिची पाठ वळली तशी बाटली शालीत गुंडाळून परत आत सारली. कोकणातली बाई उन्हात आगळाशिवाय जात नाही, शिबिर असो नाहीतर स्मशान असो.

आणि गंमत पुढेच आहे. वाळू सुरू होण्याआधी एका कोरड्या ओढ्यापाशी गाडी थांबवून ती म्हणाली, "आता प्रत्येकाने चार-चार दगड उचला, मुठीएवढे. पुढे वाळूत दगड मिळत नाहीत आणि आपल्याला लागणार आहेत." म्हणजे माझ्या वड्या काढल्या आणि दगड भरले! माझ्या मनात जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

आम्ही सहा जण म्हणजे ती मुलगी, सोहारचं एक जोडपं, एक तरुण इंजिनिअर, मी, आणि एक काका. काका बँकेतून निवृत्त झालेले, अडुसष्ट वर्षांचे, लेकीकडे मस्कतला आले होते. ताठ कण्याचे, हातात काठी, सगळ्यातलं सगळं कळणारे. पहिल्याच संध्याकाळी बोलायच्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्या श्लोकातल्या तीन चुका काढल्या. मीही त्यांना सांगितलं की देवाला इतकी वर्षं माझे असेच श्लोक ऐकायची सवय आहे, आता शुद्ध म्हटले तर तो मला ओळखायचा नाही.

दोन दिवस चाललो. वाळूत चालणं म्हणजे दोन पावलं पुढे आणि एक मागे. पहिल्या दिवशी टाचेला फोड आला, दुसऱ्या दिवशी तो फुटला, तिसऱ्या दिवशी टाच माझी आहे हेच मी विसरले. वाटेत एक उंच उभी टेकडी लागली. इंजिनिअर मधेच बसला, सोहारच्या बाई बसल्या. मी नाही बसले. गुडघ्यांना शिव्या घालत, मनातल्या मनात अर्थात, वर पोचले. वर वारा असा लागला की ओढणी आकाशात, आणि खाली जिकडे बघावं तिकडे नुसती लाल वाळू. हमरियात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्याचा एसी दिसतो. एवढं मोठं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं. भीती वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. ज्याच्या भागात आम्ही चालत होतो तो म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला मूळ रहिवासी, रोज पिकअपमधून पाण्याचे कॅन आणून टाकायचा. त्याने मला वर उभी पाहिलं आणि खालून अंगठा दाखवला.

तिसऱ्या दिवशी एकांत. मधोमध मुक्काम, तिथे ती मुलगी थांबणार. बाकीचे पाच जण आपापल्या टेकडीआड, एकमेकांना दिसणार नाहीत असे. प्रत्येकाला पाणी, खजूर, शेंगदाणे, अंथरूण आणि गळ्यात शिट्टी. आणि आता दगडांचा उलगडा झाला. दोघादोघांची जोडी लावलेली होती. दोघांच्या जागांच्या मधे वाळूत एक खूण. एकाने बारा वाजता येऊन तिथे दगड ठेवायचा, दुसऱ्याने तीन वाजता. पुन्हा सकाळी एकाने सहाला, दुसऱ्याने सातला. भेटायचं नाही, बोलायचं नाही. दगड दिसला म्हणजे माणूस ठीक आहे. नाही दिसला तर जाऊन बघायचं. पाचवा इंजिनिअर, त्याची जोडी त्या मुलीशी.

माझी जोडी कोणाशी लागली असेल? काकांशी. माझं नशीबच थोर.

सकाळी आठला सगळे पांगले. नऊपर्यंत मी अंथरूण तीन वेळा घडी केलं. दहापर्यंत शेंगदाणे संपवले. मग मात्र करायला काही उरलं नाही आणि कान वाजायला लागले. टीव्ही नाही, लिफ्टचा आवाज नाही, खालच्या बेकरीवाल्याची आरडाओरड नाही. मी यांच्याशी बोलायला लागले, मोठ्याने. आधी नीट बोलत होते, मग भांडायलाच लागले. म्हटलं, मला न सांगता गेलात, निदान एक घास तरी पुरता खायचा होता. सव्वीस वर्षं प्रत्येक गोष्ट मला विचारून केलीत, शर्ट कुठला घालू हेसुद्धा, आणि ही एवढीच गोष्ट विचारली नाहीत. मग इतकी रडले की ओढणी ओली झाली. आठ महिने मी माणसांसमोर रडत होते, कोणीतरी लगेच पाणी आणून द्यायचं आणि रडणं अर्धंच राहायचं. त्या दिवशी पुरं झालं. त्यानंतर हलकं वाटलं आणि भूकही लागली.

तीन वाजता दगड घेऊन निघाले. दिवसभरात करायचं म्हणून तेवढंच एक काम होतं, त्यामुळे मी पाच मिनिटं आधीच पोचले. खुणेपाशी वाळू कोरी. काकांचा बारा वाजताचा दगड नव्हता.

पहिल्यांदा वाटलं, विसरले असतील. मग वाटलं, हा माणूस विसरणारा नाही, हा घड्याळाला वेळ सांगणारा माणूस आहे. आणि तिसरा विचार आला तो असा की मी गेले तर माझा एकांत मोडणार. रात्र तर अजून पुढेच आहे, पैज आहे, थांबावं का जरा, येतील की. दोन मिनिटं मी तशीच उभी राहिले. त्या दोन मिनिटांची मला अजून लाज वाटते.

मग पळत सुटले.

काका टेकडीच्या माथ्यावर ध्यानाला बसले असणार, तिथून कलंडून थोडे खाली घसरले होते. टोपी बाजूला पडलेली. ओठ पांढरे, अंग तापलेलं, डोळे अर्धे उघडे. शेजारी पाण्याच्या चार बाटल्या ओळीत लावलेल्या, चारही भरलेल्या, एकीचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"काका! पाणी का नाही प्यायलात?"

ओठ हलले. "आज एकादशी."

"मग?"

"निर्जळी. बत्तीस वर्षं... मोडली नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, बत्तीस वर्षं तुम्ही पंख्याखाली केलीत ती! इथे वाळूत भाजून घेताय! ही एकादशी तुम्हाला आज थेट वैकुंठाला पोचवायची, आणि लेकीला तुमच्या काय सांगू मी? उघडा तोंड!"

"पाप लागेल..."

"पाप माझ्या माथी. लिहून देऊ? सही-शिक्क्यासकट देते. तोंड उघडा म्हणते ना!"

एकोणीस वर्षं दाताच्या दवाखान्यात काढली आहेत मी. 'तोंड उघडा' हे दोन शब्द माझ्या कानात मुरलेले आहेत, त्यामुळे ते असे सुटले की काकांनी मुकाट तोंड उघडलं. त्यांना सावलीला ओढलं, ओढणी भिजवून डोक्यावर टाकली. मग धावत माझ्या जागेवर जाऊन शालीतली ती बाटली आणि गुळाचा खडा आणला. गुळाचा खडाही लपवलेलाच होता, तो मघाशी सांगायचा राहिला. पाण्यात आगळ घातलं, गूळ चुरून ढवळला आणि झाकणाझाकणाने पाजायला सुरुवात केली. एक झाकण, थांबायचं, पुन्हा एक झाकण. घाई केली की उलटी होते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं.

सहाव्या-सातव्या झाकणाला काकांनी डोळे नीट उघडले. "हे आंबट काय आहे?"

"कोकमाचं आगळ."

आणखी एक झाकण. मग क्षीण आवाजात, "यात मीठ... साधं का शेंदेलोण?"

माणूस मरणाच्या दारातून नुकता परत फिरतोय आणि उपासाला चालणाऱ्या मिठाची चौकशी करतोय! मी डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "शेंदेलोण."

माझी जाऊ आगळात बाजारचं खडे मीठ घालते. देवाला ते दिसलंच असणार. पण तो काही बोलला नाही, तेव्हा चालत असावं.

काका जरा सावरल्यावर मी माथ्यावर चढून शिट्टी फुंकली. तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. वारा उलटा होता, मुक्कामावर काही गेलं नाही. मी खाली यायची, दोन झाकणं पाजायची, परत वर जाऊन फुंकायची. मधल्या वेळात काकांना झोप लागू नये म्हणून मी बोलत राहिले. आणि बोलायचं म्हटल्यावर काय, सगळंच सांगितलं. हे कसे गेले, मुलगा काय म्हणतो, पैज काय लावली आहे, भाभी कशी घोरते. काका हूं हूं करत होते.

शेवटी पिकअप दिसला. म्हातारा बदू पाणी टाकून परत चालला होता, त्याला शिट्टी ऐकू आली. उतरला, सावकाश वर आला, छातीवर हात ठेवून सलाम केला आणि म्हणाला, कशा आहात, काय बातमी? त्यांची रीतच आहे, कोणीही भेटो, आधी खुशाली, मग बातमी, मग काम. मीही रीतीने अल्हम्दुलिल्ला म्हटलं आणि पुढच्याच श्वासात ओरडले, "बातमी ही आहे बाबा, मरीद! आजारी माणूस! यल्ला!" त्याने काकांकडे पाहिलं, त्यांचा हात हातात घेतला, माझ्या हातातल्या बाटलीचा वास घेतला आणि मान डोलावली. मग काकांना पोरासारखं उचलून गाडीत ठेवलं.

मुक्कामावर ती मुलगी आम्हाला बघून पांढरीफटक पडली. काकांची नाडी बघितली, लेकीला फोन लावायला पिकअप घेऊन रेंजमध्ये जाऊन आली. डॉक्टर जावयाने फोनवर सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, दिलंय तेच देत राहा, लघवी झाली आणि बोलतायत ना, मग काळजी नाही, सकाळी येतो. साडेचार वाजता काका उशीला टेकून बसले आणि चहात साखर जास्त आहे म्हणाले. तेव्हा आम्हाला खात्री पटली की वाचले.

ती मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरलेले होते. "काकू, ती बाटली मी काढून ठेवली होती ना?"

"होतीस."

"तुम्ही आता इथेच झोपा. खूप झालं आज तुम्हाला. तुमचा एकांत झाला असंच धरू आपण."

शेकोटी पेटत होती. चहा होता, माणसं होती, अंथरूण घातलेलं होतं. खोटं कशाला बोलू, मला तिथेच राहायचं होतं. पाय दुखत होते आणि टेकड्यांच्या सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. कोणी मला नावं ठेवली नसती, उलट कौतुकच झालं असतं. मुलालाही सांगता आलं असतं की अरे, माणूस वाचवत होते, रात्र राहून गेली. सबब इतकी पक्की होती की तिच्यापुढे कोणी ब्र काढला नसता. मी चहाचा कप हातात घेतला आणि बसले.

पलीकडून काका म्हणाले, "ताई, रात्र अजून कुठे झालीय?"

मी वळून पाहिलं. ते ताठ बसायचा प्रयत्न करत होते.

"माझी तर मोडली आज," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांची. तुमची मोडू नका. उजेड आहे तोवर निघा."

मी चहा संपवला, तो टाकवेना. मग चपला चढवल्या आणि निघाले. मागून ती मुलगी म्हणाली, सकाळी दगड बघायला मी येईन. मी वळले नाही, वळले असते तर परत बसले असते.

त्या रात्रीची मला किती धास्ती होती ते एव्हाना तुम्हाला कळलंच आहे. विंचू, साप, कोल्हे, भुतं, छातीत कळ, सगळ्याची मी आधीच उजळणी करून ठेवली होती. पण रात्रीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही, कारण मी झोपले होते. अंधार पडला, चार-दोन चांदण्या निघाल्या, मी कुशीवर वळले, आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं. बस. चोपन्न वर्षं जिची भीती बाळगली ती रात्र मी घोरत घालवली.

सातला खुणेपाशी गेले. काल दुपारी धावताना माझ्या हातातून पडलेला दगड तिथे होता, आणि त्याच्याशेजारी आणखी एक. वाळूत काठीची भोकं उमटलेली होती, मुक्कामापासून इथपर्यंत आणि परत, आणि त्यांच्या बाजूने त्या मुलीची पावलं. काका स्वतः चालत आले होते, सहाचा दगड ठेवायला. मी माझा ठेवला. मग मौन-बिन बाजूला ठेवून दोन्ही हात वर करून ओरडले, "जिंकले! अहो, ऐकताय का, जिंकले मी!" यांना उद्देशूनच ओरडले. टेकडीवरून वाळू थोडी घसरली, बाकी कोणी काही म्हणालं नाही.

सोमवारी घराच्या करारावर सही केली. संध्याकाळी मुलाला सांगितलं. त्याचं परत तेच. "आई, ते सगळं ठीक आहे. पण रात्री काही झालं तर कळणार कोणाला?"

"दगड ठेवणार आहे," मी म्हटलं.

त्याला वाटलं, मला ऊन लागलंय.

त्याच रात्री भाभी उशी घेऊन आली. मी तिला दारातच सांगितलं, आजपासून येऊ नकोस. तिचा चेहरा पडला. "आमचा काय चुकला गो?" आत घेऊन समजावलं आणि ओढ्यातला एक दगड तिच्या हातात ठेवला, एक माझ्यापाशी. आमच्या दोघींच्या दारांच्या मधे मीटरची पेटी आहे. सकाळी सातच्या आत मी माझा दगड पेटीवर ठेवायचा, पाव आणायला उतरताना तिने तिचा. रात्री आपापला दगड आत. तिने दगड उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, याच्यासाठी गेली होतीस तेवढी लांब? पण दुसऱ्या दिवशी पावणे सातलाच तिचा दगड पेटीवर होता.

पहिला आठवडा मी टीव्ही चालू ठेवून झोपले, ते कबूल करते. दुसऱ्या आठवड्यात आवाज बंद केला. तिसऱ्या आठवड्यात बटणच बंद केलं.

आणि मग एका शुक्रवारी दारावर अशा धडका बसायला लागल्या की मी अंथरुणातून उडालेच. दार उघडलं तर भाभी, हातात झारा, मागे तिचा नवरा बनियनवर, त्याच्यामागे वरच्या मजल्यावरचे दोघे. "दगड खय हाय तुझा?" भाभी ओरडली. घड्याळात बघितलं तर सात वाजून दहा मिनिटं. केस पिंजारलेले, डोळ्यांत झोप, मी दारात उभी. काही झालेलं नव्हतं. मला नुसती गाढ झोप लागली होती, माझ्या घरात, एकटीला. भाभीने मला आधी मिठी मारली आणि मग झाऱ्याने मारायला धावली.

सगळे गेल्यावर मुलाला फोन लावला. तो ऑफिसला निघण्याच्या गडबडीत होता. "आई? काय झालं?"

"कळतं रे," मी म्हटलं. "दहा मिनिटांत कळतं. चौघं आले." आणि सगळं सांगितलं, झाऱ्यासकट.

तो आधी हसला. मग खाकरला. बापासारखाच आहे, बोलण्याआधी घसा साफ करतो. "आई, मग त्या खोलीत," तो म्हणाला, "मी माझं कामाचं टेबल टाकू का?"

"टाक की," मी म्हटलं. "पण पलंग राहू दे हं. गणपतीला येणार आहे मी, पाहुणी म्हणून."